गवईची यादी आणि कलाबाईची झोप

अमडापुरात वर्षाचा शेवटचा रविवार आला की चार वाजल्यापासून गवईच्या दुकानापुढं माणसं जमायला लागतात. दुकान मोटारी भरायचं, म्हणजे विहिरीवरचे जळालेले पंप नव्या तांब्याच्या तारेनं भरून चालू करून द्यायचं. पण त्या दिवशी पंपाचं कुणी नाव काढत नाही. त्या दिवशी प्रेमानंद गवई वर्षातले दहा उत्तम पिक्चर जाहीर करतो.

यादीचे नियम कडक. मोबाइलवर पाहिलेला पिक्चर धरायचा नाही, कारण बोटानं पुढं ढकलता येतो त्याला प्रेमानंद पिक्चरच म्हणत नाही. चिखली, बुलढाणा, नाहीतर थेट मलकापूर गाठायचं, थेटरात बसायचं आणि शेजारी कलाबाईला बसवायचं. कलाबाई म्हणजे त्याची बायको, गावातल्या अंगणवाडीची सेविका. पिक्चरांची नावं मी इथं सांगणार नाही. सांगितली तर तुम्ही गोष्ट सोडून माझ्याशीच भांडत बसाल.

या यादीचा दबदबा साधासुधा नव्हता. आजूबाजूच्या पाच गावांतली माणसं पोराबाळांना पिक्चरला न्यायच्या आधी गवईला विचारून घ्यायची, आणि गवईनं हो म्हटलेला पिक्चर सहसा कुणाला बोअर झाला नाही. "ह्या मानसाची पारख हाय बाप्पा," असं बियाणाच्या दुकानाचा शेखर गिऱ्हाइकांना सांगायचा. प्रेमानंद ते ऐकून खाली मान घालायचा. लोकांना तो विनय वाटायचा.

तो विनय नव्हता, ती चोरी होती. पारख त्याची नव्हतीच.

फार वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्या वर्षी, त्यानं स्वतःच्या मनानं यादी केली होती. एक नंबरचा पिक्चर पाहून आलेले शेषराव, तेव्हाचे शाळेचे हेडमास्तर, भर बाजारात म्हणाले होते, "प्रेमानंद, पिक्चर होता का मयत होती बे?" सगळा बाजार हसला. प्रेमानंदच्या जिव्हारी लागलं ते. आपलं काळीज लोण्याचं, त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा, असं त्याच्या मनानं घेतलं.

मग त्याला एक माप सापडलं. कलाबाईला थेटरात झोप लागायची. दिवसभर चाळीस पोरं सांभाळणारी बाई, अंधार झाला की डोळे मिटणारच. पण सगळ्याच पिक्चरला झोपायची नाही. काहींना टक्क जागी असायची. इंटरवलच्या आधी झोपली तर पिक्चर बाद, नंतर झोपली तर खालचे नंबर, आणि शेवटपर्यंत जागी राहिली तर वरच्या तीनात. या मापानं केलेली यादी जी चालली, ती सत्तावीस वर्षं चालली. बायकोच्या झोपेवर उभं राहून हा गडी पंडित झाला होता आणि ही गोष्ट त्यानं कुणाला, कलाबाईलासुद्धा, कळू दिली नव्हती.

यंदा मात्र गाडी अडली.

मागच्याच रविवारी दोघं मलकापूरला गेले होते. पिक्चर होता एका बॅण्डवाल्याचा. हजारो लग्नांत पाठवणीच्या वेळी सनई वाजवलेला म्हातारा, कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. शेवटी त्याच्याच पोरीची पाठवणी येते, तो सनई तोंडाला लावतो आणि फुंकच निघत नाही. नुसती बोटं भोकांवरून फिरत राहतात. ते पाहून प्रेमानंदला दुसरबीडला दिलेल्या आपल्या पोरीची, महामायाची, पाठवणी आठवली. रुमाल इंटरवलच्या आधीच ओला झाला होता, आता बाही ओली झाली. परतीच्या रस्त्यावर हेल्मेटच्या आत तो पुन्हा रडला.

आणि कलाबाई? इंटरवलच्या आधीच गाढ झोपलेली. बारीक घोरतसुद्धा होती.

मापाप्रमाणे पिक्चर बाद. पण जन्मात असा पिक्चर पाहिला नव्हता. रविवारी सकाळपासून प्रेमानंद कागद घेऊन ओसरीवर बसला होता. दोन ते दहा नंबर भरून झाले, एकाची जागा कोरी. तो पिक्चर तिथं लिहिला आणि शेषराव पुन्हा भर लोकांत हसले तर सत्तावीस वर्षांची अब्रू गेली. नाही लिहिला तर आपण खोटारडे. दुपारचे दोन वाजले. कलाबाई समोर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"जेवन गार झालं," ती म्हणाली. "एवढा कायचा इचार करून राह्यले?"

शेवटी त्याला राहवेना. सगळं सांगून टाकलं. माप, झोप, पहिले तीन, बाद, सगळं. सांगताना तो कागदाकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

कलाबाईचे हात थांबले. "म्हंजे मी झोपली का पिक्चर खराब?"

"हाव."

"सत्तावीस साल?"

"हाव."

आता ही रागावणार असं प्रेमानंदला वाटलं. पण ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"अहो," पाणी पिऊन ती म्हणाली, "मी झोपतच नव्हती."

"घोरत होती तू. माह्या कानानं आयकलं म्या."

कलाबाईनं डोळे मिटले, मान एका अंगाला टाकली आणि बारीक घोरून दाखवलं. तेच घोरणं. प्रेमानंद पाहतच राहिला.

"आपलं लगन झालं तवाचा पयला पिक्चर आठोते? चिखलीले?" ती सांगू लागली. "तुमाले रडू आलं. म्या पाह्यलं. म्या पाह्यलं हे तुमी पाह्यलं, अन् शेंगदाने आनतो म्हनून जे उठले ते अर्धा घंटा बाहीर. पिक्चर गेला तुमचा. मले लय वाईट वाटलं. पुढच्या टायमाले तुमचं नाक वाजलं का म्या डोये मिटले. तुमी आरामात रडले, पिक्चर सारा पाह्यला. मंग मी तसंच करत गेली."

प्रेमानंदला हे समजायला थोडा वेळ लागला, पण समजलं तेव्हा तो उठूनच उभा राहिला. म्हणजे ती झोपली ते सगळे त्याला रडवणारे पिक्चर, आणि जागी राहिली ते त्याला कोरडं ठेवणारे. सत्तावीस वर्षं त्यानं स्वतःला आवडलेला एकेक पिक्चर वेचून यादीबाहेर काढला होता, आणि जे पाहताना त्याचं काळीज जागचं हललं नव्हतं ते वर चढवले होते. आधी त्याला राग आला. बायकोनं एवढी वर्षं वेड्यात काढलं. मग तिच्या बंद डोळ्यांच्या आडोशाला आपण किती सुखानं बसलो हे त्याला आठवलं, आणि राग कुठल्या कुठं गेला. त्याला इतकं हलकं वाटलं की तो ओसरीवरच मोठ्यानं हसला. दोन ते दहा नंबर लिहिलेला कागद फाडून त्यानं नवा घेतला. दहाच्या दहा पिक्चर दहा मिनिटांत लिहून झाले.

साडेचारला तो दुकानापुढं उभा राहिला. चाळीसेक माणसं होती. शेषराव, आता रिटायर, पुढच्या खुर्चीत. कलाबाई चहाची किटली घेऊन फिरत होती. प्रेमानंदनं दहापासून वाचायला सुरुवात केली. पाचव्या नंबरला लोक कुजबुजू लागले. तिसऱ्याला शेखर म्हणाला, "भाऊ, यंदा हानामारीचा एकबी नाई काऊन?"

"ह्या टायमाची यादी माही हाय," प्रेमानंद म्हणाला. "एक नंबर, तो बॅण्डवाल्याचा."

"काय हाय त्याच्यात?" शेषरावांनी विचारलं.

प्रेमानंद सांगू लागला. म्हातारा, सनई, पोरीची पाठवणी. बोटं भोकांवरून कशी फिरतात ते तो हातानं दाखवत होता, आणि तिथं आल्यावर त्याचाच आवाज बसला. फुंक निघत नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्याच्याही तोंडून ते निघेना. चाळीस माणसांपुढं त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही. शेंगदाणे आणायला तो कुठं गेला नाही.

कुणी हसलं नाही. शेषरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्यांच्याही दोन पोरी नांदायला गेलेल्या.

"कुठी लागला हाय?" ते म्हणाले.

"मलकापूरले. गुरुवारपरेंत."

"उद्याच जाऊ. शेखर, तुही गाडी काढजो."

बघता बघता गाडीत कोण बसणार यावरून भांडण सुरू झालं. मागून कलाबाई म्हणाली, "मलेबी न्या."

"वहिनी, तुमी तर पाह्यला ना?" शेखरनं विचारलं.

"निस्ता आयकला," ती म्हणाली.

शेखरला काही कळलं नाही. प्रेमानंदला कळलं. इतका वेळ हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. जे जे पिक्चर त्यानं जीव लावून पाहिले, ते सगळे शेजारच्या खुर्चीत बसून हिनं डोळे मिटून काढले होते. सत्तावीस वर्षांत एकही उत्तम पिक्चर तिनं पाहिला नव्हता.

त्यानं हातातला कागद उलटा केला. शेखरच्या खिशातला पेन काढून घेतला. कोऱ्या बाजूला वर लिहिलं, 'कलाला दाखवायचे', आणि खाली एक नंबर घातला.

"सांग," तो म्हणाला, "पयला कोनता?"

कलाबाईनं किटली खाली ठेवली. "चिखलीचा," ती म्हणाली. "तुमी उठून गेले तवा मीबी तुमच्या मांगं मांगं बाहीर आली होती."