शर्टावरचा हात

"जुलैत हुडी? बर्फ पडायचाय का रे, टॅव्हारिस?" पायऱ्यांवर बसून फुग्यांच्या दोऱ्या सोडवत ओडेलनं विचारलं, तसे सगळेच हसले.

टॅव्हारिसही हसला. हुडीच्या खिशातून त्यानं पोटावरची पिशवी तळव्यानं दाबून धरली होती. गोळीनं आतडं फाडलं त्याला आज वर्ष झालं होतं. त्याच संध्याकाळी, त्याच कोपऱ्यावर, त्याच्या शेजारी उभा असलेला त्याचा मित्र केंड्रेल गोळी लागून गेला. डॉक्टरांनी टॅव्हारिसच्या आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे मळासाठी पिशवी चिकटवली. ती कधी भरेल, कधी आवाज करेल, यावर त्याचा ताबा नव्हता. वय बावीस. गल्लीत कुणालाही ठाऊक नव्हतं.

केंड्रेलची आई, मिस व्हर्नेल, शर्ट वाटत होती. बाल्टिमोरच्या काळ्यांच्या वस्तीतली रीतच ती: गेलेल्याचा फोटो छापलेला शर्ट घालायचा आणि त्याच्या आठवणीत आभाळात फुगे सोडायचे. टॅव्हारिसला तिनं त्याच्या जुन्याच मापाचा शर्ट दिला. तो घातला असता तर पिशवीचा फुगवटा सगळ्यांना दिसला असता. फोटो मुळात दोघांचा होता. त्यातून टॅव्हारिसला कापलं होतं. केंड्रेलच्या खांद्यावर त्याचा हात तेवढा उरला होता.

शर्टाची घडी कठड्यावर ठेवून तो निघाला. मिस व्हर्नेलनं त्याला घरामागच्या बोळात गाठलं.

"माझ्या लेकाचं तोंड छातीवर घ्यायची लाज वाटते तुला?"

काहीतरी थाप मारायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात पिशवीच गुरगुरली. त्याची मान खाली गेली. मग त्यानं हुडी वर केली.

"त्याची नाही, मिस व्हर्नेल. माझी."

वृद्धाश्रमात वीस वर्षं तिनं अशा पिशव्या बदलल्या होत्या. कड सुटत आलीय, एवढंच म्हणून तिनं ती अंगठ्यानं दाबून बसवली. मग आत जाऊन केंड्रेलचा एक शर्ट घेऊन आली. केंड्रेल अंगानं दांडगा होता.

"हा घाल. अजून धुतला नाहीये मी."

शर्ट टॅव्हारिसच्या मांड्यांपर्यंत आला. ओडेलनं त्याला ओळखीच्या शर्टात पाहिलं आणि एका फुग्याची दोरी त्याच्या हातात दिली.

नाव पुकारून सगळ्यांनी फुगे सोडले. सगळे वर बघत होते. टॅव्हारिस त्यांच्या शर्टांकडे बघत होता. प्रत्येक केंड्रेलच्या खांद्यावर त्याचा हात होता.