सारख्याच पिवळ्या गोळ्या

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या. "यातली आठवड्यातून एकदाच घ्यायची कुठली, सांगा." बायको जाऊन पंधरवडा झाला होता, पण ती कशाने गेली ते त्याला त्या दिवशी कळलं. तो शिंपी. काळ्या दोऱ्यातल्या छटा वेगळ्या काढणारा. तरी त्याला सांगता येईना. दोन्ही पिवळ्या, गोल, बारीक. एक सांध्यांची जालीम गोळी, फक्त रविवारची. दुसरी रोजची, ताकदीची. जालीम गोळी रोज पोटात जात राहिली आणि बायकोचं रक्त आटलं.

बोटं वाकडी झाल्यामुळे तिला गोळीवरचा चंदेरी कागद फोडता यायचा नाही. म्हणून तोच मटार सोलावेत तशा साऱ्या गोळ्या एकदम काढून द्यायचा. ती त्या दोन बाटल्यांत भरायची. बाटल्यांची अदलाबदल कधी झाली, देव जाणे.

आता दुपारी मशीन थांबलं, की आतून आवाज येतो. "अहो, ही कुठली हो?"

"थांब, बघतो," म्हणत तो उठतो. दारापर्यंत जातो. आत कोणी नसतं.

धाकट्या मेहुणीलाही तेच दुखणं, त्याच गोळ्या. कारण कळलं त्याच दिवशी तो तिच्याकडे गेला. तिनेही सगळ्या सोलूनच ठेवलेल्या.

"भावजी, मी काही ताईसारखी विसरभोळी नाही."

"ती कुठे विसरली? बघूनच घेत होती ती."

"मला ओळखता येतात हो!"

त्याने दोन गोळ्या तिच्यासमोर ठेवल्या. "यातली रविवारची उचल."

तिने चष्मा सारखा केला आणि झटकन एक उचलली. "ही. हिचा पिवळा जरा गडद असतो."

"दोन्ही ताकदीच्याच आहेत. आत्ताच दुकानातून आणल्यात."

मेहुणीने सोललेल्या साऱ्या गोळ्या आणून त्याच्यापुढे ठेवल्या.

महिन्याभराने तो औषधाच्या दुकानात गेला. "एक निळी केली, तिकोनी केली, तर कुणाचं काय बिघडेल?"

"काका, आम्ही फक्त विकतो. कंपनीला कळवा."

"कळवलं."

"मग?"

"आभार मानलेत त्यांनी."

दुकानदाराने पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली.

मेहुणीच्या जालीम गोळ्या आता शिंप्याच्या कपाटात असतात. रविवारी तो एक नेतो, तिने गिळेपर्यंत समोर उभा राहतो. तिला ते आवडत नाही. "भावजी, पोलीस झालात की काय?" म्हणते, पण तोंड उघडून दाखवते.

हल्ली आतला आवाज कधी बायकोचा असतो, कधी मेहुणीचा. तो दोघींनाही थांब म्हणतो.

कंपनीने अजून गोळीचा रंग बदललेला नाही. आणि तो अंथरुणाला खिळला, तर मेहुणीला गोळी कोण नेऊन देणार, तेही अजून ठरलेलं नाही.