रुचिकाचे वाकडे दात

“हे तुमचं, भाऊ. मोजून घ्या.”

जमुनाने कानातल्यांची एक लहानशी डबी टेबलावर ठेवली. भिकूने प्लास्टरने पांढरे झालेले हात पुसले आणि झाकण उघडले. आत काळवंडलेल्या धातूचे बारीक चौकोनी तुकडे होते, दातांवर चिकटवतात तसले, आणि कमानीसारख्या वाकलेल्या दोन तारा. डहाणूच्या या दंतरुग्णालयात तेवीस वर्षे तो लोकांच्या जबड्यांची मॉडेले ओतत आला होता. वस्तू ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. ती काळी का पडली, हे समजायला मात्र वेळ लागला.

“सावडायला गेले तेव्हा राखेत भेटल्या,” जमुना म्हणाली. “तुकडे अठरा हायेत. आणखी असतील तर सांगा, मी तरी लय शोधलं. धुतल्यात चांगल्या.”

“अहो, या परत आणायची काय गरज होती?”

“कागदावर लिवलेलं ना. रुचिकानंच वाचून दाखवलेलं मला, संपल्यावर तारा दवाखान्यात काढणार म्हणून. तुम्ही फुकट लावलेल्या. दुसऱ्या कोणाच्या पोरीला लागतील.”

काढलेल्या तारा पुन्हा कोणाला लावत नाहीत, हे सांगण्याचे धैर्य भिकूला झाले नाही. त्याने तुकडे एकेक करून खरोखरच मोजले. अठरा भरले.

पंधरा दिवसांपूर्वी तलासरीजवळ महामार्गावर जीप उलटली, तीत जमुनाची मुलगी रुचिका होती. एकोणीस वर्षांची, नरपडच्या मासळी सुकवणाऱ्या घरातली, नर्सिंग शिकायला तलासरीला जाणारी.

दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला असतो, असे लोक समजतात. ते खरे नाही. मंद पण अखंड ओढ दिली तर दात हाडातून वाट काढतो. पुढचे हाड विरत जाते, मागे नवे धरत जाते. महिन्याला सुमारे एक मिलीमीटर. दोन प्रकारच्या ओढींपैकी कोणती सुळ्याला लवकर मागे नेते, हा डॉक्टर भाविनी यांच्या संशोधनाचा विषय होता. दर महिन्याला प्रत्येक रुग्णाच्या दातांचा लगद्यात ठसा घ्यायचा, आणि भिकूने त्यात प्लास्टर ओतून मॉडेल काढायचे. रुचिकाचा क्रमांक अकरा. सहा महिने, सात मॉडेले. पहिल्यात दोन्ही सुळे शेजारच्या दातांवर चढून बसलेले. सातव्यात जवळजवळ रांगेत आलेले.

पहिले काही महिने ती तोंडावर हात धरूनच बोलत असे. पाचव्या महिन्यात ती आपण होऊन या खोलीत आली. “भिकूकाका, माझी सगळी तोंडं एका लाइनीत लावा ना.” त्याने लावली. पहिल्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, “अगो बाय! ही चेटकीण कोण?” आणि हसली. हात खालीच राहिला होता. तिच्या ते ध्यानातही आले नाही, भिकूच्या आले.

“एक मागायचं होतं,” जमुना म्हणाली. “तिचे दात दिसतील असा एक पण फोटो नाय घरात. मीच सांगायची तिला, माणसांत हसताना हात धर म्हणून. तेवढे तिचे दात द्या मला.”

भिकूने कपाटातून सातवे मॉडेल आणले. त्यातल्या त्यात तेच देखणे होते. जमुनाने ते उलटसुलट पाहिले आणि परत केले.

“हे तुमचे दात. माझ्या पोरीचे द्या.”

त्याने पहिले आणले. तिचा अंगठा वर चढलेल्या सुळ्यावर जाऊन थांबला.

“हा. जाळं सांधताना दोरा ह्यानंच तोडायची. ओरडायची मी, कात्री हाय ना गं घरात.”

डॉक्टर भाविनी केव्हाच दारात येऊन उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते, तरी त्या म्हणाल्या, “भिकूभाई, पहिलं मॉडेल नाही देता येणार. बाकीची सगळी मापं त्याच्यावरूनच काढतो आपण. नक्कल करून द्या ना यांना.”

“नक्कल आपण ठेवू, मॅडम. खरं यांना देऊ.”

“नकलेत फरक पडतो. तुम्हीच शिकवलंय मला.”

“पडतो. केसाएवढा. तसं लिहू. कागदाला खुलासा पुरतो, मॅडम. आईला कसा पुरणार?”

तेवीस वर्षांत त्या कपाटातून एकही मॉडेल बाहेर गेले नव्हते, आणि जाऊ नये म्हणून सर्वांत जास्त भांडलेला माणूस भिकूच होता. भाविनी यांनी डबीकडे पाहिले. “लिहा,” एवढेच त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ठसा घेण्याआधी मॉडेल भिजवावे लागते. भिकूने ते पाण्यात सोडले. दातांच्या फटींतून बुडबुडे वर येऊ लागले.

“हे काय?”

“हवा असते आत. कोरड्या प्लास्टरात.”

जमुना वाकून पाहत राहिली. शेवटचा बुडबुडा फुटला, तरी ती वाकलेलीच होती.

मग त्याने गुलाबी लगदा कालवला, ठसा घेतला, त्यात नवे प्लास्टर ओतले. ते घट्ट झाल्यावर त्याने नक्कल ठशातून सोडवली. नकलेचे माप त्याने तीनदा घेतले आणि वहीत लिहिले : क्रमांक अकरा, पहिले, मूळ आईस दिले, नक्कल ठेवली. कपाटातल्या अकराव्या ओळीत आठव्या मॉडेलसाठी राखलेली जागा रिकामी होती. तिथे त्याने ती डबी ठेवली आणि कपाट लावले.

मूळ मॉडेल अजून ओलसर, जड होते. गुंडाळण्यासाठी त्याने वर्तमानपत्राचे पान ओढले.

“राहू द्या, भाऊ,” जमुना म्हणाली. “लय झाकलं.”

बाहेर बाकांवर माणसे नंबर लावून बसली होती. त्यांच्यामधून ती सावकाश चालत गेली. तळहात पसरलेला होता, आणि त्यावर रुचिकाचे वाकडे दात, साऱ्यांना दिसतील असे, समोर तोंड करून ठेवलेले.