नाव फार लांब आहे

चारच्या आत फ्लेक्सची फाइल मदुराईच्या छापखान्यात पोचली नाही, तर उद्या भाच्याचे कान टोचायच्या मांडवात पेच्चिमुत्तु मामांचा फोटो लागणार नव्हता. मूल मांडीवर घेऊन बसायचं मामाने, आणि फोटो मात्र भटजीचा, असं ते मलर्कोडीला सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकवत होते.

फ्लेक्स तयार होता. कॉम्प्युटर तो साठवून घेत नव्हता. जागा नाही म्हणत होता.

अप्पांना जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या माघारी अरुप्पुक्कोट्टैचं हे फ्लेक्स बनवायचं दुकान चालवायचं तिने ठरवलं खरं, पण मोठं काम असं हे पहिलंच. ते हुकलं तर अप्पांची गिऱ्हाइकं बसस्टँडसमोरच्या नव्या दुकानाकडे वळणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

जागा कुणी अडवली तेही तिने शोधलं होतं. मामांच्याच घरचं फोल्डर. अप्पांची पद्धत अशी, की एका घरचं सगळं एकात एक ठेवायचं. मामांच्या फोल्डरात बहिणीचं लग्न, त्या लग्नात लग्नाचे फ्लेक्स, त्यात फोटो. तळाशी काय आहे ते दिसत नव्हतं, वजन तेवढं दिसत होतं. अप्पांचं काही पुसायचं म्हटलं की तिचा हात माघारी येई. आज कधी नव्हे तो पुढे झाला, तर यंत्रच नको म्हणत होतं. उघडायला गेलं, हलवायला गेलं, पुसायला गेलं, तरी उत्तर एकच. नाव फार लांब आहे.

शेवटी तिने दुरुस्तीवाल्या जेसिंताला फोन लावला. जेसिंता म्हणाली, तळातल्या खोलीचं नाव म्हणजे नुसतं खोलीचं नसतं, रस्त्यापासूनची सगळी दारं त्यात मोजली जातात. दोन-अडीचशे अक्षरांपलीकडे गेलं की कॉम्प्युटर हात वर करतो. बाहेरच्या दारापासून नावं छाटत जा.

मलर्कोडीने बाहेरचं दार पाहिलं. ‘तिरु. सु. पेच्चिमुत्तु अवर्गळ, साहाय्यक वाहतूक नियंत्रक, अरुप्पुक्कोट्टै आगार.’

अप्पांनी गिऱ्हाइकाचं नाव कधी नुसतं लिहिलं नाही. आधी तिरु म्हणजे श्री, शेवटी आदराचं अवर्गळ, मध्ये हुद्दा. कॉम्प्युटरच्या आत, जिथे त्यांच्याशिवाय कुणी बघणार नव्हतं, तिथेही नाही. मामा पूर्वी कंडक्टर होते. बढतीचे पेढे घेऊन ते आले, त्याच दिवशी अप्पांनी ‘कंडक्टर’ खोडून तिथे हा लांबलचक हुद्दा बसवला असणार. तेव्हापासून आतलं सगळं कोंडलेलं.

“मामा,” ती चाचरत म्हणाली, “तुमचा मान थोडा कापावा लागेल.”

“किती?”

“सगळाच.”

मामांनी मिशीवरून हात फिरवला. कॉम्प्युटर त्यांच्या बढतीला अडलाय हे ऐकून ते आधी फुगले, मग घड्याळाकडे बघून निवळले. “बिल्ल्यावर बारा वर्षं नुसता ‘सु. पे.’ होतो मी,” ते म्हणाले. “कर. पण बाहेर बोलू नकोस.”

तिने छाटलं. मामांचे सु. पे. झाले. बहिणीचं लग्न, तिच्या आणि मेव्हण्याच्या पदव्यांसकट, एका अक्षरात मावलं. आणि तळातलं फोल्डर उघडलं.

आत मामांचा एकच फोटो त्रेचाळीस वेळा होता. नावं अप्पांनी दिलेली.

‘मिशी जरा काळी.’ ‘मिशी अजून काळी.’ ‘इतकी नको म्हणतात.’ ‘मिशी टोकाला वर.’ ‘हीच शेवटची.’ ‘देवा मुरुगा, हीच शेवटची.’ अख्ख्या कॉम्प्युटरात तिरु आणि अवर्गळ नसलेली जागा ही एवढीच. सर्वांत खाली त्रेचाळिसावी, ‘पहिलीच दिली. मामांना कळलं नाही.’

मलर्कोडीला हसू फुटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि आवरता येईना. अप्पा चष्मा कपाळावर चढवून, तोंड गंभीर करून ते टाइप करताना तिला दिसले. मामा मागून एकेक ओळ वाचत होते. शेवटच्या ओळीवर थांबले.

“नऊ वर्षं,” ते म्हणाले, “नऊ वर्षं लोक मला सांगतात, त्या फ्लेक्सवर मिशी काय दिसत होती तुमची.” आणि खुर्चीत बसून पोट धरून हसू लागले.

बेचाळीस मिशा तिने पुसल्या, कचरापेटीही रिकामी केली. त्रेचाळिसावी ठेवली. फ्लेक्स साठवला गेला. पावणेचार झाले होते. पाठवायचं बटण ती दाबणार, तेवढ्यात मामा पडद्याजवळ वाकले.

“ती मिशी जरा...”

मलर्कोडीने त्यांच्याकडे पाहिलं. मग माउस इकडून तिकडे फिरवला, दोन-तीनदा उगाच टिकटिक केली, मान तिरकी करून पडदा न्याहाळला.

“झाली, मामा.”

मामांनीही मान तिरकी करून पाहिलं. “हां,” ते समाधानाने म्हणाले, “आता कशी शोभते. अगदी तुझ्या अप्पांच्या हातासारखी.”