पाहुण्यांच्या घरातला माठ

खारघरच्या डोंगरावर ठाकरांची वाडी. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर साऱ्या वाडीनं मिळून पाहुण्यांसाठी कुडाचं घर बांधलं. खालच्या नव्या शहरातली माणसं सुट्टीला वर येतील, राहतील, भाकर खातील, वाडीतच काम मिळेल. गोजराच्या मनात मात्र एकच: काम वर आलं की वाशीच्या इमारतींवर कामाला गेलेला तिचा लेक शिवराम घरी येईल.

सारवता सारवता ती गायची,

डोंगराच्या माथ्यावरी दिवा लाविते सांजेचा
खालून दिसू दे गं बाळा उंबरा तुझ्या घराचा

"पाहुन्यांचं घर सारवतेस का सुनंचं?" तिची जाऊ पुतळा हसायची.

"दोन्ही. तुझं का पोट दुखतं?"

घरचा जुना माठही तिनं तिथंच नेऊन ठेवला. वाडीची रीत अशी, की पाहुण्याच्या हातात पाणी द्यायचं. घरच्यानं माठातून आपलं आपण घ्यायचं.

पहिले पाहुणे आले, वाशीचे नंदकुमार आणि त्यांची बायको सुमेधा. वाट दाखवत पुढं शिवराम. पायांत बूट, मनगटावर घड्याळ. गोजरा धावलीच.

"मावशी," शिवराम जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेबांची सोय बघा."

"आमच्या साइटवरचा मुकादम," नंदकुमार कौतुकानं म्हणाले. "पनवेलचा आहे, पण डोंगर कसा पाठ आहे बघा!"

पुतळानं तोंड उघडलं. गोजरानं तिचा हात दाबला, घट्ट.

पाहुणे ओसरीवर टेकले. गोजरानं दोघांच्या हातांत पाण्याचे तांबे दिले. शिवरामला दिला नाही. माठ त्याच्या हाताशीच होता. चढून त्याचा घसा कोरडा पडला असणार. लहानपणी रानातून आला की माठात आधी हात, मग आईला हाक. आताही हात उठेल. उठेलच.

त्यानं रुमालानं मान पुसली आणि बसून राहिला.

"मावशी, तुम्हाला मुलंबाळं?" सुमेधानं विचारलं.

"एक हाय, बाई. खाली शहरात."

"येतो की नाही भेटायला?"

"येतो ना. सवड झाली की येतो."

शिवराम बुटाच्या नाडीशी चाळा करत होता.

"अहो, आणि याला पाणी नाही दिलंत?" सुमेधा म्हणाली.

गोजरा उठली. तिनं माठातून तांबा भरला, पदरानं बुड पुसलं आणि दोन्ही हातांनी लेकापुढं धरला.

"घ्या, पाहुनं," ती म्हणाली. "गार हाय."