डायरेक्ट

वारज्याला लेकीकडे जायचं म्हटलं की युसूफभाई आधी खाली दुकानात डोकावत, मग जिना चढत. जावयाचं, राहिलचं, टायर बदलण्याचं आणि गाड्या धुण्याचं दुकान रस्त्यालगत होतं आणि घर त्याच्याच डोक्यावर. एप्रिलातल्या त्या शुक्रवारी दुपारी ते आले, तेव्हा कोपऱ्यातला हवेचा कंप्रेसर धडधडत होता आणि भिंतीवरच्या लोखंडी पेटीचा दिवा विझलेला होता. युसूफभाई उंबऱ्यातच थांबले. पेटीचा दिवा विझला की मशीन बंद पडायला हवं. इथे दिवा विझलेला आणि मशीन चालू.

ती पेटी त्यांनी स्वतः बनवलेली होती. नारायण पेठेत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी भरायची, यातच उभा जन्म गेला. कंप्रेसरच्या मोटरी उघडताना दर वेळी तेच दिसायचं. ऑइल संपलेलं, मशीन तापलेलं, तरी मालकाने ते हाकलेलं. म्हणून त्यांनी ही पेटी काढली. ऑइल कमी झालं, मशीन फार तापलं किंवा टाकीत हवेचा दाब ठरल्यापेक्षा वर गेला, की पेटी मोटरची वीज तोडायची. मग कुणीतरी येऊन नीट बघून हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन हूं की चूं करायचं नाही. पेट्या विकायला लागल्यापासून त्यांच्याकडे जळक्या मोटरी कमी यायला लागल्या. बायको असती तर म्हणाली असती, स्वतःच्या पोटावर पाय देणारा माणूस तुम्हीच.

त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. आत दोन स्क्रूंना जोडून लाल तारेचा एक तुकडा बसवला होता. वीज पेटीला वळसा घालून सरळ मोटरला जात होती.

"राहिल, पेटी डायरेक्ट केलीस?"

राहिल एका मोटारीचं चाक खोलत होता. त्याने वर पाहिलं नाही. "मग काय करू अब्बा? ऊन वाढलंय. दर थोड्या वेळाने ती मशीन बंद पाडते. गिऱ्हाइकाची गाडी जॅकवर असते. तोंडाने फुंकू का टायर?"

"बंद पाडते म्हणजे काहीतरी सांगते ती. ऑइल बघितलंस? टाकीतलं पाणी कधी काढलंस?"

"काढतो."

युसूफभाईंनी वाकून टाकीच्या पोटाखालची तोटी फिरवली. गंजाचं तांबडं पाणी फुसफुसत आलं आणि येतच राहिलं. त्यांनी मेन स्विच पाडला, लाल तार काढली आणि खिशात टाकली. मशीन तापलेलंच होतं, त्यामुळे आता ते सुरू होणार नव्हतं. बाहेर रांगेतल्या एका गाडीने हॉर्न दिला.

"ऐका हो," राहिल गिऱ्हाइकांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "आमचे सासरे आलेत. त्यांची परवानगी मिळाली की हवा भरून देतो."

दोघे-तिघे हसले. आवाज ऐकून माहेनूर जिन्यावर आली आणि बापाला हाताला धरून वर घेऊन गेली.

चहा ठेवताना ती म्हणाली, "दुकानात नका बोलत जाऊ त्यांना. तुम्ही बोलून निघून जाता. मग मला ऐकावं लागतं."

"अगं, हवेने भरलेली टाकी आहे ती. फुटली तर बॉम्ब. शहाबाज कुठेय? त्याच्याशी बोलतो मी."

"भाईजान नमाजला गेलेत. त्यांना यातलं काही माहीत नाही, आणि सांगूही नका. दोघा भावांची भांडणं नकोत मला. मी समजावते यांना. घ्या, चहा घ्या."

युसूफभाईंनी चहा घेतला. खाली येऊन स्कूटरवर बसले, तेवढ्यात मागे मशीन पुन्हा सुरू झालं. एवढ्या लवकर निवलं? की दुसरी तार जोडली? उतरून चार पावलं मागे गेले असते तर कळलं असतं. वर गॅलरीत माहेनूर उभी होती आणि त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी स्कूटरला किक मारली.

पुढच्या आठवड्यात टाकी फुटली.

माहेनूरचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. युसूफभाई वारज्याला पोचले, तर दुकानाचा एक पत्रा रस्त्याच्या पलीकडे पडलेला आणि टाकी सालीसारखी उलगडलेली. शहाबाजला दवाखान्यात नेलं होतं. तो राहिलचा थोरला भाऊ. गाड्या धुण्याचं काम तो बघायचा. राहिल एका टायरवर बसला होता.

पेटी भिंतीवर एका खिळ्याला लोंबत होती. युसूफभाईंनी झाकण उचललं. तार नव्हती. सगळ्या पेटीवर तेलकट काजळी बसलेली, आणि ते दोन स्क्रू तेवढे आत्ताच फिरवल्यासारखे लखलखीत. भावाला उचलून नेलं आणि पोलीस आले, त्याच्या मधल्या वेळात राहिलने एवढं काम उरकलं होतं.

"ही पेटी कुणी बसवली?" हवालदाराने विचारलं.

"माझ्या सासऱ्यांनी," राहिल जमिनीकडे बघत म्हणाला. "दाब वाढला की आपोआप बंद होईल म्हणाले होते. झालं नाही."

हवालदाराने युसूफभाईंकडे पाहिलं. त्यांच्या पाठीमागे जिन्यावर माहेनूर उभी होती. ओढणीचं टोक दातांत धरून तिने मान अगदी थोडी हलवली. नको.

"चाचा, आपोआप बंद व्हायला पाहिजे होतं ना?"

"व्हायला पाहिजे होतं," युसूफभाई म्हणाले. त्यापुढे ते काही बोलले नाहीत आणि हवालदाराने काय घ्यायचं ते घेतलं.

वर घरात माहेनूरने दार लावून घेतलं. "त्यांनी मुद्दाम नाही केलं, अब्बा. यांच्या अम्मींना कळलं की यांच्यामुळे भाईजानचं असं झालं, तर त्या यांचं तोंड बघणार नाहीत. हे घर अम्मींचं आहे. मग मी कुठे जाऊ?"

"माझ्याकडे ये."

"मला माझं घर हवंय," ती म्हणाली. "तुमचं काय जाणार आहे? एक पेटी खराब निघाली. लोक विसरतील."

शहाबाजचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दोन्ही कानांचे पडदे गेले. युसूफभाई भेटायला गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. राहिल दारात उभा होता, माहेनूर खाटेच्या पायथ्याशी. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने शहाबाज ओरडून बोलायचा आणि अख्खा वॉर्ड ऐकायचा.

"चाचा! तुमची पेटी बंदच झाली नाही!"

युसूफभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी तिथेच जेवायला बसलो होतो! टाकीजवळ! राहिल म्हणायचा इथे नको बसू, बाहेर बस. मी म्हटलं, चाचांची पेटी आहे, मला कसली भीती!"

म्हणजे राहिलला माहीत होतं. भावाला तिथून उठवायचा, पण तार काढायची नाही. युसूफभाईंनी वळून दाराकडे पाहिलं. जावई भिंतीवरचं आगीच्या वेळचं सूचनापत्र वाचत होता.

शहाबाजने मोबाइल पुढे केला. "इथे लिहा. मला ऐकू येत नाही. का नाही झाली बंद?"

युसूफभाईंनी फोन घेतला. त्यांची बोटं जाड, अक्षरं चुकत होती. 'राहिलने' एवढं त्यांनी लिहिलं. माहेनूर तिथून ते वाचू शकत नव्हती, तरी तिचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तो शब्द एकेक अक्षर करत पुसला. मग लिहिलं : माझी चूक झाली. माफ कर.

शहाबाजने ते वाचलं. बराच वेळ वाचत राहिला, जणू पुढे अजून काही लिहिलेलं असेल. मग त्याने युसूफभाईंचा हात हातात घेतला आणि त्याच्या समजुतीने हळू, पण सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "जाऊ द्या चाचा. माणूस आहे, चुकतो. मनाला लावून घेऊ नका."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. युसूफभाई बाहेर येऊन जिन्यात बसले. माहेनूर मागोमाग आली, शेजारी बसली, त्यांच्या बाहीला डोळे पुसले. लग्नाआधी बसायची तशीच बसली होती. तेवढ्यापुरतं त्यांना वाटलं, की केलं ते ठीक केलं.

त्या दोन वाक्यांचा फोटो गॅरेजवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'नारायण पेठेतली लोकल पेटी वापरणाऱ्यांनी सावध राहावे. बनवणाऱ्याने स्वतः कबूल केले आहे.' एका टायरवाल्याने तो युसूफभाईंनाच पाठवला, ते ग्रुपवर आहेत की नाहीत हे न बघता.

त्यांनी लेकीला फोन लावला. "हा राहिलने पाठवला?"

"लोक सारखे विचारत होते," माहेनूर म्हणाली. "काहीतरी सांगावंच लागतं ना, अब्बा."

"मी शहाबाजसाठी लिहिलं होतं ते. बाजारासाठी नाही."

"आता लिहिलंय तर लिहिलंय."

मग फोन यायला लागले. कुणी शिवी देऊन बोललं, कुणी आपुलकीने. सगळ्यांचं म्हणणं एकच, की पेटी काढून न्या. युसूफभाई दुकानात बसून ऐकत राहिले. इतकी वर्षं ज्या पेट्यांनी निमूट काम केलं त्या आता एकेक करून सुटणार होत्या आणि त्यांच्या जागी लाल तार येणार होती. राहिलने एक पेटी डायरेक्ट केली होती. त्यांच्या दोन वाक्यांनी सगळ्या डायरेक्ट होणार होत्या. हे ध्यानात आलं तेव्हा त्यांना बसवेना.

दिगंबर आपटे त्यांच्याच गल्लीतले, पलीकडच्या टोकाला राहणारे. शाळा-मंडळांच्या बक्षीस समारंभांना लागणारी सन्मानचिन्हं ते बनवत. त्यांचा फोन त्यांच्या स्वभावाप्रमाणे आला. "युसूफभाई, आपली वस्तू आपण घेऊन जावी. आम्ही भंगारात घातली असती, पण म्हटलं आपल्याला अजून कुठे उपयोगी पडायची."

युसूफभाई चालतच गेले. तळमजल्याच्या खोलीत सोनेरी रंगाचे कप ओळीने वाळत होते. आपट्यांची सून वैष्णवी तोंडाला फडकं बांधून हातातल्या गनने रंग मारत होती आणि तिच्या स्टुलाला लागूनच कंप्रेसर चालू होता. पेटी आधीच सोडवून खिडकीत ठेवली होती. तिच्या जागी वायरमनने दोन वायरी एकत्र पिळून टेप गुंडाळली होती.

युसूफभाईंनी न विचारता मेन स्विच पाडला.

"हे काय?" आपटे आतून आले.

"आपटे साहेब, पेटीत दोष नव्हता. जावयाने ती डायरेक्ट केली होती. मी माझ्या डोळ्यांनी तार बघितली होती."

आपट्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग आपण कबुली दिलीत ती?"

"मुलीच्या संसारासाठी दिली."

"अस्सं. म्हणजे तेव्हा खोटं बोललात आणि आता खरं बोलताय. किंवा तेव्हा खरं बोललात आणि आता धंदा बसायला लागल्यावर जावयाचं नाव घेताय. यातल्या कुठल्या युसूफभाईंवर विश्वास ठेवायचा, तेवढं सांगा म्हणजे झालं."

याचं उत्तर युसूफभाईंनी आपल्याच हाताने पुसून टाकलं होतं.

"माझ्यावर ठेवू नका," ते शेवटी म्हणाले. "पेटी माझी नको असेल तर कंपनीची बसवा, पण बसवा. आणि तोवर सूनबाईंना टाकीपासून लांब बसवा."

वैष्णवीने तोंडावरचं फडकं खाली केलं. "बाबा, ते एवढं म्हणतायत तर आपण–"

"तू रंग मार. उद्या शाळेला माल द्यायचाय." आपट्यांनी पेटी उचलून युसूफभाईंच्या हातात दिली. "या आपण."

ते गल्लीत पोचेपर्यंत मागे मशीन सुरू झालं होतं.

त्यांनी तिथेच रस्त्याच्या कडेला उभं राहून लेकीला फोन केला. "आपट्यांना मी खरं सांगितलं, बेटा. ज्यांच्याकडे माझ्या पेट्या आहेत त्या सगळ्यांना सांगणार आहे. शहाबाजला मी नाही सांगणार. ते राहिलने सांगावं."

पलीकडे कुकरची शिटी झाली, मग तिने विचारलं, "आपट्यांनी ऐकलं तुमचं?"

"नाही."

"दुसरं कुणी ऐकेल?"

"माहीत नाही."

"मग माझं घर कशासाठी मोडताय?"

"त्या घरात तू त्या माणसाबरोबर राहतेस, माहेनूर. त्याने भावाला जागेवरून उठवलं, पण तार काढली नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मला त्या शुक्रवारपासून माहीत होतं. त्यांनी तार परत जोडली तेव्हा मी गॅलरीत होते." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "तुम्ही पण खालीच होतात, अब्बा. आता इकडे येऊ नका. ईदलाही नका येऊ."

फोन बंद झाला. युसूफभाई पेटी काखेत धरून दुकानापर्यंत आले. कुलूप उघडलं नाही. स्कूटर काढली आणि कर्वेनगरला गेले. तिथे दातांच्या एका दवाखान्यातल्या कंप्रेसरवर त्यांची पेटी होती. काउंटरवरच्या मुलीने नाव ऐकताच खालून प्लास्टिकची पिशवी काढून पुढे सरकवली. पेटी पिशवीत तयारच होती.

"ती घ्यायला नाही आलो," ते म्हणाले. "डॉक्टरबाईंशी दोन शब्द बोलायचेत."

"अपॉइंटमेंट आहे?"

"नाही."

"मग थांबावं लागेल. पेशंट झाल्यावर विचारते. बोलतील असं काही सांगता येत नाही."

आतून कंप्रेसरचा आवाज येत होता. युसूफभाई बाकावर टेकले, पिशवी मांडीवर घेतली आणि थांबले.