चिखल्या ओझेवाला

आमच्या खेळात एकवीस वंश आहेत आणि चौदा पेशे. त्यांतलं लोकांना नकोसं काय ते दर वर्षी शोधून काढायचं, हे माझं काम. जगभरातले लाखो लोक कॉम्प्युटरसमोर बसतात, आमच्या काल्पनिक राज्यात शिरतात आणि सगळ्यात आधी ठरवतात की आपण कोण व्हायचं. बहुतेकांना सहा फुटी, चांदीच्या केसांचा तलवारबाज व्हायचं असतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. सकाळी आरशात जे दिसतं त्याचा मलाही कंटाळा येतो. पण सगळेच देखणे झाले तरी कोणीतरी तळाला उरतंच, आणि यंदा तळाला उरला होता चिखल्या.

चिखल्या म्हणजे दलदलीत राहणारा बुटका जीव. पाठीला पोक, लोंबणारे ओठ, चालला की पचपच आवाज. आमच्या चित्रकाराचं त्या दिवशी घरी भांडण झालं असावं, कारण नाकाच्या जागी त्याने नुसती दोन भोकं ठेवली. पेशांमध्ये तळाला होता ओझेवाला. त्याच्याकडे ना शस्त्र, ना जादू. बाकीच्यांच्या औषधाच्या बाटल्या, बाण, दोर पाठीवर वाहायचे आणि लढाईत ज्याला जे लागेल ते पुढे करायचं. आता ही दोन्ही सोंगं एकत्र घेणारा कोण असेल? माझ्या तक्त्यात चिखल्या ओझेवाल्यांचे वर्षभरातले खेळाचे तास होते शून्य. आज संध्याकाळी पाचला चिखल्याही जाणार होता आणि ओझेवालाही. काढून टाकायच्या यादीखाली सही माझी होती.

आणि माझा धाकटा भाऊ चिखल्या ओझेवाला होता.

घरात त्याला सगळे बोका म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्याची तिसरी नोकरी सुटली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर मी एका पाकिटाच्या पाठीवर तक्ता मांडला. घरात कोण काय करतं त्याचा. माझ्या नावापुढे सहा ओळी, आईच्या नावापुढे तीन, बोक्याच्या नावापुढे शून्य. तो कागद मी त्याच्या ताटाजवळ सरकवला. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते. त्या दिवशी पेनालाही नव्हतं. त्याने वाचलं, जेवण संपवलं, स्वतःचं ताट घासून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग उचलून गेला. फोन नंबर बंद केला. आईच्या गुडघ्यांना तेल लावून द्यायचं काम रोज कोण करत होतं, हे मला त्यानंतर आठवड्याने कळलं.

तेव्हापासून त्याचा एकच धागा माझ्या हातात होता. घरी असतानाच त्याने 'बोका' नावाचा चिखल्या ओझेवाला तयार केला होता, माझ्याच शेजारी बसून, मला चिडवायला. "तुझ्या यादीत सगळ्यात खाली कोण आहे ते सांग, तेच घेतो," म्हणाला होता. आता रोज दुपारी अडीचच्या सुमारास माझ्या पडद्यावर त्या नावापुढे हिरवा दिवा लागायचा. दिवा लागला म्हणजे तो कुठेतरी आहे, धड आहे. संध्याकाळी आई विचारायची, "आला का फोन?" मी म्हणायचे, "ठीक आहे तो." मी त्याच्याशी कधी बोलायला गेले नाही. नोंदीतून त्याचा पत्ता काढणं आम्हाला मना आहे, पण खेळात जाऊन बोलायला कोणी अडवलं नव्हतं. मी भित्री, दुसरं काय? मी हाक मारली आणि त्याने तो दिवाही विझवला तर?

मग अशा माणसाचा पेशा मी कसा काय कापला? सही करताना मोठा अभिमान वाटला होता, की आकड्यांपुढे ही बाई घरचं माणूससुद्धा बघत नाही. शिवाय आकडाच शून्य होता. मनात म्हटलं, तिथेही नुसता येऊन बसतो वाटतं.

आज मात्र चार वाजत आले तसा माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. पाचनंतर खेळ सगळ्या चिखल्यांना सांगणार, नवा वंश निवडा. बोक्याला मी ओळखते. तो निवडणार नाही, उठून जाईल, आणि तो दिवा परत लागणार नाही. शेवटचं बघून घ्यावं म्हणून मी त्याची आजची नोंद उघडली. अडीचपासून त्याने एकशे बारा बाटल्या दिल्या होत्या.

एकशे बारा! नुसता बसलेला माणूस?

मी तास मोजायचा नियम उघडला. गेल्या वर्षी मीच लिहिलेला. खेळ चालू ठेवून चहाला जाणारे लोक मोजले जाऊ नयेत म्हणून मी अक्कल चालवली होती, की माणसाने वार केला तरच त्याचं घड्याळ चालू होईल. ओझेवाला वार करतच नाही. त्याचं घड्याळ जन्मात चालू होणार नव्हतं. नियम बाजूला ठेवून मी पुन्हा मोजलं. रोज खेळणारे अकरा हजार ओझेवाले निघाले.

मी धावतच साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, थांबवा. यादी चुकली आहे. माझी चूक आहे."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. "नवी आवृत्ती सगळीकडे पोचली आहे हो. आता थांबवायचं म्हणजे सगळा खेळ बंद पाडायचा. तुम्ही उद्या लेखी द्या, पुढच्या वर्षी परत आणू."

"पुढच्या वर्षी?"

"पाचचं काम पाचलाच होणार," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून जास्तच राग आला.

जागेवर आले तेव्हा चार वाजून अठरा मिनिटं झाली होती. बोक्याचा दिवा चालू होता. तो एका गुहेच्या पार तळाशी होता, जिथे पोचायला चांगल्या चांगल्या तलवारबाजांना महिने लागतात. आणि ज्या खेळाचे आकडे मी नऊ वर्षं मोजतेय, तो मी एकदाही खेळले नव्हते. मी नवं पात्र घेतलं. वंश चिखल्या, पेशा ओझेवाला.

वेशीवरच टोळकं उभं होतं. "ए पचपच, लांब हो," एकाने लिहिलं. दुसऱ्याने माझ्यावर उगाच बाण मारून बघितला. मी मान खाली घालून चालत राहिले. ओझेवाला धावू शकत नाही, हाही आमच्याच खात्याचा शहाणपणा. पण एक गोष्ट मला पाठ होती. शस्त्र नसलेल्या माणसाकडे आमचे राक्षस ढुंकूनही बघत नाहीत. गुहेत शिरले तर दोन्ही बाजूंना दारं अडतील एवढाली धुडं उभी होती. एकाचा श्वास स्पीकरमधून असा आला की मी खुर्चीत मागे सरकले. त्याने मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि परत वळवली. मी पुढे गेले. साडेचार. दोनदा रस्ता चुकले आणि परत फिरले.  चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी तळाच्या दालनात पोचले.

तिथे धुमश्चक्री चालली होती. पाच जण, सगळे चांदीच्या केसांचे, एका डोंगराएवढ्या राक्षसावर तुटून पडले होते, आणि त्यांच्या मागे पोक काढलेला एक चिखल्या इकडून तिकडे पळत होता. पळत म्हणजे आपला पचपच करत.

"बोका, मी ताई," मी लिहिलं.

तो जागच्या जागी थांबला. तेवढ्यात एका तलवारबाजाचा जीव लाल रेषेवर आला. "ओझेवाल्या, मेलास का?" कोणीतरी ओरडलं. बोक्याने घाईने बाटली फेकली. मग माझ्यासाठी एक ओळ आली.

"आत्ता नको. हे मेले तर माझ्यामुळे मरतील."

चार वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली होती. मी भिंतीला लागून उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावाला काम करताना बघितलं. कोणी काही मागण्याआधीच तो तिथे असायचा. एकाचे बाण संपायच्या आत नवे बाण. एक जण खड्ड्यात पडत होता, त्याच्या हातात दोर आधीच. पाच जणांचा जीव त्याच्या पाठीवर होता आणि त्यांतल्या एकाचंही त्याच्याकडे लक्ष नव्हतं. मला त्याचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की शेजारच्या टेबलावरची बाई विचारायला लागली, "बरं वाटत नाही का?"

चार वाजून छप्पन्न मिनिटांनी राक्षस कोसळला. ते पाच जण लुटीकडे धावले. बोका माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बोल."

"पाचला तुझा हा पेशा जातोय. माझ्यामुळे. मी चुकीचं मोजलं."

"माहितीये. सकाळपासून सूचना येतायत."

"खेळाचं नाही म्हणत मी. टेबलावरचं म्हणतेय."

घड्याळात सत्तावन्न.

"चुकलं माझं, बोका," मी लिहिलं. "आई रोज विचारते. तू दुसरं काहीतरी हो, वाट्टेल ते हो, पण येत जा रे. तुझा दिवा दिसतो मला. आमच्याकडे तेवढंच आहे."

तो लिहितोय असं दिसत होतं, मग दिसेनासं झालं, मग परत दिसायला लागलं. अठ्ठावन्न.

"दिसतो ते माहितीये मला. म्हणून तर येतो."

"म्हणजे?"

"मला हा खेळ आवडत नाही, ताई. कधीच आवडला नव्हता. तुला कळावं म्हणून येतो रोज. आईला काळजी नको."

 दोन वर्षं मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे अशा तोऱ्यात होते. लक्ष तो ठेवत होता. आकडे बदलले, एकोणसाठ.

"तुझा नंबर तोच ना?" त्याने विचारलं.

"तोच."

पाच वाजले. गुहा गेली, बोका गेला, आणि पडद्यावर एकवीसऐवजी वीस चेहरे आले. मी तशीच बसून राहिले. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. साहेब दारात येऊन म्हणाले, "सगळं सुरळीत पार पडलं," आणि माझा चेहरा बघून परत गेले.

पावणेसहाला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आईला दे," तो म्हणाला.

"अरे, मी ऑफिसात आहे."

"मग घरी जा. मी थांबतो."

मी पर्स उचलली, कॉम्प्युटर चालूच ठेवला आणि निघाले. घरी पोचायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा सगळा वेळ फोन माझ्या कानाला होता. आम्ही दोघं फारसं बोललो नाही, पण त्याने फोन ठेवला नाही.